ग्रंथालयांचा सहकार : मालकाचा की कुळाचा?

(महाविद्यालयीन शिक्षक, ग्रंथपाल व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



शेतमालाचे भाव, कामगार कायदे, शिक्षणाचे खाजगीकरण अशा विषयांच्या पंक्तीला 'महाविद्यालयीन ग्रंथालये आणि ई-साधनांची भागीदारी' हा विषय बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय ग्रंथपालांचा, फार तर प्राध्यापकांचा; चळवळीत काम करणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र या विषयात मुख्यतः तीनच गोष्टी दिसतात : मक्तेदारी, किंमत आणि ग्राहकांचा सहकार. या तिन्ही गोष्टी आपल्या नेहमीच्या परिचयाच्या आहेत. त्या कारखान्यात व बाजारसमितीत दिसल्या म्हणजे आपण ओळखतो. ग्रंथालयात दिसल्या म्हणजे ओळखत नाही, एवढाच फरक.

आधी विषय साध्या शब्दांत मांडतो. पूर्वी महाविद्यालयाचे ग्रंथालय दहा-पंधरा विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची वर्गणी भरत असे. अंक टपालाने येत, वर्षअखेरीस त्यांची बांधणी होई आणि ते खंड कपाटात जात. एखादा निबंध आपल्याकडे नसला तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येई. १९५२ साली दिल्लीत 'इन्सडॉक' ही संस्था स्थापन झाली, तिच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम संशोधकांना अशा निबंधांच्या प्रती पुरवण्याचे होते. आज ही नियतकालिके संगणकावर आली आहेत. अंक आपल्या कपाटात येत नाही; तो प्रकाशनगृहाच्या संगणकावर राहतो आणि आपण पैसे भरले तेवढ्या मुदतीपुरती तो पाहण्याची परवानगी आपल्याला मिळते. ही परवानगी एकेका ग्रंथालयाने स्वतंत्रपणे विकत घेणे परवडत नाही, म्हणून अनेक ग्रंथालये एकत्र येऊन प्रकाशनगृहांशी एकच सौदा करतात. या एकत्र येण्याला 'कन्सोर्शियम' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा ग्रंथालयांचा खरेदी-संघ होय.

मक्तेदारी कशी निर्माण होते

असा संघ मुळात लागतो कशासाठी? साखरेच्या एका दुकानदाराने भाव वाढवला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. नियतकालिकांच्या बाबतीत ते शक्य नसते. एका नियतकालिकात आलेला निबंध दुसऱ्यात मिळत नाही. म्हणजे प्रत्येक नियतकालिक ही आपापल्या जागी एक लहानशी मक्तेदारीच असते. भाव वाढला म्हणून संशोधकाची गरज कमी होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही मागणी अलवचीक आहे. परिणामी वर्गणी वाढली की ग्रंथालय दुसरीकडे काटकसर करते. बहुधा क्रमिक पुस्तकांची आणि देशी भाषांतील ग्रंथांची खरेदी कमी होते.

यात आणखी एक विशेष आहे. छापील अंकाला कागद, शाई व टपालखर्च लागे. संगणकावरील निबंध एकाने वाचला काय किंवा लाखाने वाचला काय, वाढीव खर्च जवळजवळ शून्य. स्पर्धा असती तर अशा वस्तूची किंमत खाली खाली आली असती. येथे ती 'गिऱ्हाईक किती देऊ शकेल' यावर ठरते. शिवाय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रकाशनगृहांनी आपली सारी नियतकालिके एकाच गठ्ठ्यात विकण्यास प्रारंभ केला. तुम्हांला वीस हवी असोत की दोनशे, गठ्ठा सगळा घ्यायचा. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की २०१३ मध्ये जगभर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अवघ्या पाच प्रकाशनगृहांच्या हातात होते. यांतील सर्वांत मोठे एल्सेव्हिअर. त्याच्या मातृकंपनीच्या विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या सदतीस-अडतीस टक्क्यांच्या घरात असतो. किराणा मालाच्या व्यापाऱ्याला असे प्रमाण स्वप्नातही दिसणार नाही.

आता या व्यवसायाचा कच्चा माल कोठून येतो तेही पाहा. निबंध लिहिणारा प्राध्यापक बहुधा सार्वजनिक पैशातून पगार घेतो. त्याला प्रकाशनगृह मोबदला देत नाही. निबंध तपासणारे परीक्षकही बहुधा विनामूल्य काम करतात. म्हणजे लोकांच्या करांतून संशोधन होते, ते फुकट तिकडे जाते आणि तेच संशोधन लोकांच्या करांतूनच पुन्हा विकत घेतले जाते. कापूस येथून जावा आणि कापड तेथून यावे, या व्यवहाराचे विश्लेषण दादाभाई नौरोजींनी आपल्याला शिकवले आहे. येथे कापसाची किंमतसुद्धा मिळत नाही, इतकाच काय तो भेद.

संघ कसे उभे राहिले

अशा विक्रेत्यांपुढे एकटे ग्रंथालय दुबळे असते, हे ओळखून आपल्या देशातील ग्रंथपाल फार पूर्वी कामाला लागले. १९८० च्या दशकाच्या आरंभी खगोलशास्त्राच्या संस्थांतील ग्रंथपालांनी 'फोर्सा' नावाचे व्यासपीठ उभे केले आणि आपापसांत साधनांची देवघेव सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये 'इन्फ्लिबनेट' हा कार्यक्रम हाती घेतला; १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. ते केंद्र आज गांधीनगरला आहे. २००३ मध्ये तंत्रशिक्षणाच्या संस्थांसाठी 'इंडेस्ट', त्यानंतर विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट' आणि २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' असे संघ उभे राहिले. २०१५ मध्ये यांतील मोठे प्रवाह 'ई-शोधसिंधु' या नावाखाली एकत्र आणले गेले.

यांतील एन-लिस्टचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या सामान्य महाविद्यालयांसाठी ही योजना होती. अनुदानित महाविद्यालयाने वर्षाला पाच हजार रुपये व त्यावरील कर भरला की हजारो नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके त्याच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना खुली होत. पाच हजारांत पूर्वी एखादे परदेशी नियतकालिकही आले नसते. संघशक्ती म्हणजे काय, ते या एका उदाहरणावरून समजावे.

त्यानंतरचा टप्पा मोठा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला मान्यता दिली. तोवर निरनिराळ्या मंत्रालयांखाली दहा वेगवेगळे ग्रंथालय-संघ होते. त्यांऐवजी साऱ्या देशाच्या वतीने एकच सौदा करण्याचे ठरले. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशनगृहे, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेहून अधिक संस्था आणि जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक असा तिचा पसारा सांगण्यात आला. खरेदी व वितरणाचे काम इन्फ्लिबनेटकडे आहे.

विरोधी पक्षाच्या माणसाने सरकारच्या प्रत्येक योजनेला नावे ठेवलीच पाहिजेत असे मी मानत नाही. दहा दुबळ्या खरेदीदारांऐवजी एक प्रबळ खरेदीदार उभा राहणे हे तत्त्वतः योग्यच आहे, आणि तशी मागणी ग्रंथपाल व वैज्ञानिक बराच काळ करीत होते. तथापि सहकारी संस्थेचे मूल्यमापन तिच्या पाटीवरून करावयाचे नसते. सभासद कोण, हिशेब कोणापुढे मांडला जातो आणि मालमत्ता कोणाची, या तीन प्रश्नांवरून ते करावयाचे असते. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये आपले ग्राहक भांडार उघडले, तेव्हापासून सहकाराची कसोटी हीच आहे.

सभासद कोण?

पहिला प्रश्न सभासदत्वाचा. योजना ही केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. 'व्यवस्थापनाखालील' हा शब्द महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे निव्वळ शासकीय महाविद्यालये मोजकीच. खेड्यापाड्यांतील उच्च शिक्षण वाढले ते शिक्षणसंस्थांच्या हातून. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. पण प्रत्येक जिल्ह्यात अशा लहानमोठ्या संस्था आहेत. त्यांच्या अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांचा पगार शासन देते, फी शासन ठरवते, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते. व्यवस्थापन मात्र संस्थेचे असते. योजनेची व्याख्या व्यवस्थापनावर आधारलेली असल्यामुळे ज्या महाविद्यालयात शेतकऱ्याची आणि शेतमजुराची मुले मोठ्या संख्येने शिकतात, तेच दाराबाहेर राहण्याचा धोका आहे.

यास्तव प्रत्येक कार्यकर्त्याने पहिली चौकशी ही करावी, की आपल्या तालुक्याचे महाविद्यालय या योजनेत आहे काय? नसेल तर ते एन-लिस्टचे तरी सभासद आहे काय? आणि असेल तर गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी त्याचा उपयोग केला? एन-लिस्टमध्ये प्रत्येक वाचकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड दिला जातो. त्यासाठी महाविद्यालयाने नावांची यादी पाठवावी लागते. ती पाठवण्यास माणूस हवा. ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवायचे आणि तेरा हजार नियतकालिकांची जाहिरात करायची, ही विहीर खणून दोर काढून घेण्याची रीत झाली.

येथे एक आक्षेप हमखास येतो. 'गावातल्या बी. ए.च्या मुलाला परदेशी नियतकालिके कशाला हवीत? त्याला क्रमिक पुस्तक मिळाले तरी पुष्कळ.' हा आक्षेप नवा नाही. वरच्या वर्गाला विद्या आणि खालच्यांना अक्षरओळख, या धोरणावर महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्रहार केला होता. येथे वस्तुस्थितीही आक्षेपकांच्या विरुद्ध आहे. आपला ऊस, आपला कांदा, आपला कापूस, आपले भूजल यांवर झालेले पुष्कळसे संशोधन याच परदेशी प्रकाशनगृहांच्या नियतकालिकांत छापले जाते. ज्याच्या शेताचा अभ्यास झाला, त्याच्याच मुलीला तो अभ्यास वाचता येऊ नये, यात कोणता न्याय आहे?

हिशेब कोणापुढे?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. सहा हजार कोटींची तीन वर्षांत विभागणी केली तर वर्षाला दोन हजार कोटी होतात. ते एक कोटी ऐंशी लाख वाचकांवर वाटले तर दरडोई वर्षाला सुमारे अकराशे रुपये. संस्थांवर वाटले तर दर संस्थेमागे तीस लाखांच्या वर. हा खर्च फार की थोडा? एखाद्या मोठ्या संशोधनसंस्थेच्या दृष्टीने तो अल्प आहे. ज्या शासकीय महाविद्यालयात विजेचा भरवसा नाही आणि संगणक पाच आहेत, त्याच्या नावावर तीस लाखांचा हिशेब मांडला जात असेल तर तो अवास्तव आहे. नेमके काय ते सांगण्यासाठी कोणत्या प्रकाशनगृहाला किती दिले आणि त्याचा वापर कोठे किती झाला, हे कळावयास हवे.

येथेच खरी अडचण आहे. असे करार करताना प्रकाशनगृहे गुप्ततेचे कलम घालण्याचा आग्रह धरतात. एका गिऱ्हाइकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळू नये, यात त्यांचे हित आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ थिओडोर बर्गस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील माहितीच्या कायद्यांचा आधार घेऊन सार्वजनिक विद्यापीठांचे करार मिळवले. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सारख्याच आकाराची विद्यापीठे त्याच गठ्ठ्यासाठी फार वेगवेगळ्या रकमा मोजत होती, असे त्यातून दिसून आले. बाजारसमितीत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध आपण लढलो, उघड लिलावाचा आग्रह धरला. सार्वजनिक पैशाने होणारी ज्ञानाची खरेदी तरी रुमालाखाली का व्हावी? आपल्याकडे २००५ चा माहितीचा अधिकार आहे. तो अशा कामासाठीही वापरावयाचा असतो.

मालमत्ता कोणाची?

तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत कळीचा आहे. छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होई. पुढल्या वर्षी वर्गणी बंद केली तरी मागचे खंड कपाटातून कोणी उचलून नेत नसे. ते शेजारच्या महाविद्यालयाला उसने देता येत. गावातल्या वाचनप्रेमी माणसाला वाचनालयात बसून वाचता येत. ई-साधनांच्या बाबतीत आपण विकत घेतो ती वस्तू नसून परवाना असतो. करारात जुन्या अंकांविषयी स्वतंत्र कलम नसेल, तर वर्गणी थांबताच मागच्या वर्षांचे अंकही दिसेनासे होऊ शकतात. उसने देण्याचा हक्कही कराराने ठरतो. कोणी, कोठे बसून, किती वाचावे हेही करारच सांगतो.

मित्रहो, या नात्याला आपल्या ग्रामीण भागात एक जुने नाव आहे. जमीन कसायची, खंड भरायचा, आणि खंड थकला की शेत सोडायचे. ते कुळाचे नाते होय. १९४८ च्या कूळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ते नाते बदलावे, म्हणून या राज्यात किती पिढ्यांनी झगडा दिला हे मी आपल्याला सांगण्याचे कारण नाही. आज आपली ग्रंथालये मालक होती ती कुळे होत आहेत. संघामुळे खंडाची रक्कम माणशी कमी झाली, हे मान्य. पण कुळांनी एकत्र येऊन खंड कमी करून घेतला म्हणून ती मालक होत नाहीत.

नकार देण्याची ताकद

मालकीचा हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. सौदा करण्याची ताकद त्यावर अवलंबून असते. खरेदीदार कितीही मोठा असला तरी 'हा भाव मान्य नाही, आम्ही घेत नाही' असे म्हणण्याची त्याची तयारी नसेल, तर त्याच्या मोठेपणाचा विक्रेत्याला धाक वाटत नाही. उलट एवढे मोठे गिऱ्हाईक कायमचे बांधले गेले याचा त्याला आनंदच होतो.

इतर देशांत काय घडले ते पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीअखेर एल्सेव्हिअरशी चाललेली बोलणी थांबवली. दोन वर्षे ते कराराविना राहिले आणि मार्च २०२१ मध्ये आपल्या बऱ्याचशा अटींवर नवा करार झाला. जर्मनीतील संस्थांच्या 'डील' या संघाने २०१६ पासून त्याच प्रकाशनगृहाशी वाटाघाटी केल्या, २०१८ मध्ये त्या थांबल्या आणि अखेर २०२३ मध्ये समझोता झाला. एवढा काळ हे लोक टिकले कशाच्या बळावर? जुन्या कित्येक अंकांवरचा हक्क आधीच्या करारांनी त्यांच्याकडे राहिला होता. दुसऱ्या ग्रंथालयांकडून प्रती मागवण्याची त्यांची व्यवस्था चालू होती. आणि त्यांच्या संशोधकांचे पुष्कळसे निबंध खुल्या भांडारांत ठेवलेले होते.

कामगार संघटनेत काम केलेल्यांना हे लगेच उमजेल. घोषणांच्या जोरावर संप फार दिवस चालत नाही. संपकाळात घरात धान्य लागते. जुन्या अंकांवरचा कायम हक्क, आपापसांतील देवघेव आणि खुली भांडारे हे ग्रंथालयांचे धान्य आहे. सध्याच्या योजनेची मुदत डिसेंबर २०२७ अखेर संपते. त्या वेळी नव्या भावाची बोलणी होतील. हातात काही शिल्लक नसेल तर देशाचा प्रतिनिधी टेबलावर बसेल तो केवळ किती वाढ द्यायची एवढे विचारण्यासाठी.

दोन सोपी उत्तरे

यावर आमचे तरुण मित्र म्हणतात, 'सर, एवढी यातायात कशाला? सायहबवर सगळे फुकट मिळते.' २०११ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाने जगभरच्या संशोधकांची गरज भागवली हे खरे आहे, आणि वाचण्यासाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवण्यास माझे मन तयार होत नाही. परंतु तीन मोठ्या प्रकाशनगृहांनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते रोखण्याचा आदेश निघाला. मागच्या दाराने मिळालेले धान्य एखादे दिवशी पोट भरते. त्यावर गावाची शिधाव्यवस्था उभी राहत नाही. कायद्याच्या पुढच्या दारातूनही बरेच मिळवता येते हे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात दाखवले आहे. अध्यापनासाठी अभ्याससाहित्याच्या प्रती काढण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे, असे तो निर्णय सांगतो. करारांवर सह्या करताना कायद्याने दिलेली ही मुभा आपल्या हाताने गमावली जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावयास हवी.

दुसरे सोपे उत्तर असे, की यापुढे सगळे संशोधन विनामूल्य वाचता येईल, लेखकाने प्रकाशनाचे शुल्क भरले की झाले. वाचकाला हे सुखाचे वाटते. पण एका निबंधामागे लाखाच्या वर शुल्क मागितले जाते तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षकाचे काय होते? पूर्वी त्याला वाचता येत नव्हते. आता वाचता येईल, पण लिहिता येणार नाही. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, उतरले नाही.

काय करावे

मग करावे काय? माझ्या मते कामे पाच आहेत आणि त्यांतील बरीचशी आपल्या हातातील आहेत.

पहिले, अनुदानित महाविद्यालयांचा समावेश. शासन जेथे पगार देते तेथे ग्रंथालयही शासनाच्या योजनेत असावे, ही मागणी राज्य सरकारमार्फत केंद्राकडे गेली पाहिजे. आमदार-खासदारांना भेटण्याच्या आपल्या निवेदनांत हा मुद्दा यावा.

दुसरे, करार उघड करणे. प्रकाशनगृहवार रक्कम, संस्थावार वापर आणि जुन्या अंकांविषयीचे कलम हे तिन्ही जनतेपुढे आले पाहिजे. २०२७ नंतरच्या करारात, ज्या वर्षांचे पैसे दिले त्या वर्षांचे अंक कायमचे आपले, ही अट असल्याशिवाय सही होऊ नये.

तिसरे, सार्वजनिक ग्रंथालयांचा हक्क. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि गावोगाव अनुदानित वाचनालये आहेत. महाविद्यालयाचे ओळखपत्र नसलेल्या शेतकऱ्याला, वकिलाला, शाळामास्तराला, कार्यकर्त्याला निदान जिल्हा ग्रंथालयात बसून ही नियतकालिके वाचता आली पाहिजेत. कर त्यानेही भरला आहे.

चौथे काम संपूर्णपणे आपले. तीस प्रकाशनगृहांच्या गठ्ठ्यात 'अर्थसंवाद' नाही, 'समाज प्रबोधन पत्रिका' नाही, वाईचे 'नवभारत' नाही. मराठीतून अर्थशास्त्र वा समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम यांचे जुने अंक हवे असतात. ते कोणा परदेशी कंपनीच्या मालकीचे नाहीत. एका जिल्ह्यातील आठ-दहा महाविद्यालयांनी ठरवले, तर संपादकांच्या संमतीने हे अंक, आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, स्थानिक सहकारी संस्थांचे जुने अहवाल, नगरपालिकांची इतिवृत्ते यांचे संगणकीय भांडार उभे राहू शकते. आपल्या विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटने उभारलेले 'शोधगंगा' हे भांडार कोणालाही पासवर्डवाचून उघडता येते. ज्याचे आपण मालक आहोत ते वाटून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही, हा त्यातला धडा आहे. कोणत्या ग्रंथालयात कोणते खंड आहेत याची एकत्रित सूची तयार करणे हा त्याचा प्रारंभ. त्याला खर्च थोडा आणि चिकाटी फार लागते.

पाचवे, माणूस. ग्रंथपालाची रिक्त पदे भरा, ही मागणी शिक्षक संघटनांच्या यादीत नेहमी शेवटी असते. ती वर आली पाहिजे. संगणकावर सर्व काही आहे म्हणून ग्रंथपाल नको, असे म्हणणारे गृहस्थ बाजारात सर्व धान्य आहे म्हणून घरी स्वयंपाक नको, असेच म्हणत असतात. ई-साधनांच्या नावाखाली पुस्तकखरेदीचा निधी कापला जात असेल तर तेही रोखले पाहिजे.

मित्रहो, २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात 'महाविद्यालय विकास समिती' असावी असे ठरवले आहे. आपल्यापैकी काहीजण अशा समित्यांवर आहेत, काही संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, पुष्कळजण पालक आहेत. इमारतीच्या रंगरंगोटीवर तेथे तासभर चर्चा होते आणि ग्रंथालयाचा अहवाल न वाचता संमत होतो. पुढच्या बैठकीत तो अहवाल वाचावयास लावा. सभासद आहोत काय, वापर किती झाला, ग्रंथपाल आहे काय, मराठी नियतकालिकांचे जुने खंड कोठे आहेत, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. जिल्ह्यातील दहा महाविद्यालयांची अशी उत्तरे एकत्र झाली की आपल्या हातात एक कागद येईल. तो घेऊन डिसेंबर २०२७ च्या आत मंत्रालयाकडे जायचे आहे. वेळ फारसा नाही. म्हणून कामाची वाटणी आजच, या सभेतून उठण्यापूर्वी करावी, अशी अध्यक्षांना विनंती करून मी माझे बोलणे पुरे करतो.